बर्फाचा हिशेब

चि. सायली,


मे अखेरीस काजवे बघायला तुम्ही चौघी भंडारदऱ्याला जाणार, दोन रात्री तंबूत राहणार, आणि त्यासाठी आईसबॉक्स घ्यायचा म्हणून तू तीन फोटो पाठवलेस. कोणता घेऊ, एवढंच विचारलंस. फोटोवरून पेटी निवडता येत नाही, म्हणून हे लांबलचक पत्र. माझी सगळी नोकरी प्राथमिक आरोग्य केंद्रात गेली. लस गार ठेवून वाड्यावस्त्यांवर पोचवणं हे आम्हा आरोग्यसेविकांचं नेहमीचं काम. तुमच्या दुधाला आणि कोंबडीला लागणारं शास्त्र तेच आहे.

आधी एक गोष्ट पक्की समजून घे. पेटी काहीही गार करत नाही. बाहेरची उष्णता आत यायला ती उशीर लावते, बस्स. गार करण्याचं काम बर्फाचं. आत येणारी उष्णता बर्फ शोषतो आणि शोषता शोषता वितळतो. शून्य अंशाचा एक किलो बर्फ वितळून शून्य अंशाचंच पाणी होईपर्यंत ८० किलोकॅलरी उष्णता घेतो. तेवढ्या उष्णतेत एक किलो पाणी शून्यावरून ८० अंशांवर जातं. बर्फाची ताकद आहे ती या वितळण्यात. घरच्या फ्रीझरमधला उणे १८ अंशांचा बर्फ नेलास तर त्यावर वरकड मिळतात त्या जेमतेम ९ किलोकॅलरी. तेव्हा किलोमागे ८० ही तुझी जमा धर, आणि ती कुठे कुठे खर्च होते ते बघ.

खर्चाची पहिली वाट म्हणजे भिंती. चाळीसेक लिटरची पेटी घे. भिंतीत ३ सेंटीमीटर पीयू (पॉलियुरेथेन) फोम आहे आणि दिवसरात्रीची सरासरी काढून बाहेर आतल्यापेक्षा २५ अंश जास्त आहे असं धर. कागदावर मांडलं तर नुसत्या भिंतींतून येणारी उष्णता दिवसाला साडेचार किलोच्या आसपास बर्फ खाते. फोम ५ सेंटीमीटर असेल तर हाच आकडा तीन किलोवर येतो. थर्माकोल वाईट नाही, पण त्याच जाडीच्या पीयू फोमच्या साधारण दीडपट उष्णता आत सोडतो. आणि हीच पेटी दुपारी बंद गाडीच्या डिकीत ठेवलीस, तर तिथे बाहेरच्यापेक्षा कितीतरी जास्त तापतं. आतबाहेरचा फरक दुप्पट झाला की बर्फाचा खर्चही दुप्पट.

दुसरी वाट म्हणजे तू आत काय टाकतेस. ही सगळ्यात कमी लोकांच्या लक्षात येते. ३२ अंशांची एक लिटर पाण्याची बाटली शून्यापर्यंत उतरवायला ३२ किलोकॅलरी लागतात, म्हणजे ४०० ग्रॅम बर्फ. अशा दहा बाटल्या दुकानातून आणून थेट पेटीत टाकल्यास तर चार किलो बर्फ घाट चढायच्या आतच संपला. त्याच बाटल्या रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून पाच अंशांवर आणल्यास तर खर्च सहाशे-सातशे ग्रॅमवर येतो. पेटीवर जास्तीचे हजारो रुपये घालून जो फायदा मिळेल, तेवढा फ्रिजमधली एक रात्र फुकट देते.

तिसरी वाट झाकणाची. ‘झाकण उघडू नका’ असं सगळे ओरडतात, पण का ते कोणी सांगत नाही. झाकण वर असतं आणि गार हवा जड असते, म्हणून ती बरीचशी तळाशीच थांबते. पेटीतली सगळी हवा बदलली तरी ती पुन्हा गार करायला आणि तिच्यातली वाफ निथळवायला लागतो दहाएक ग्रॅम बर्फ. एक गरम बाटली आत सरकवणं हे चाळीसेक वेळा झाकण उघडण्याइतकं महाग आहे. मग आम्हाला लसीच्या पेटीबाबत इतकी शिस्त का होती? कारण उघडलेलं झाकण माणूस लगेच लावत नाही. कोण काय शोधतंय, गप्पा चालल्यात, ऊन थेट बर्फावर पडतंय. शिवाय घाईत लावलेलं झाकण नीट बसत नाही आणि फट तासन्‌तास राहते. म्हणून उघडायला भिऊ नकोस. काय घ्यायचं ते ठरवून उघड, घे, आणि दाबून लाव.

या तीन वाटा डोक्यात ठेवून आता दुकानात जा. तुझ्या फोटोंतली पहिली पेटी दिसायला देखणी आहे. पण अशा पेट्यांच्या भिंतीत फोम असतो आणि झाकण पुष्कळदा पोकळ असतं. झाकण उचलून बघ, बोटाने ठोकून बघ. भरीव आवाज यायला हवा. मग झाकणाला आतून रबरी पट्टी आहे का ते पाहा. कागदाची एक पट्टी कडेवर ठेवून झाकण लाव आणि कागद ओढ. सहज सुटला तर तिथून हवाही सुटणार. चारही बाजूंना हे करून बघ. दुकानदार हसला तर हसू दे. तळाशी पाणी सोडायचं बूच आहे का, ते घट्ट बसतं का, तेही बघ. बिजागऱ्या आणि कड्या जाड हव्यात. पेटी मोडते ती आधी तिथेच.

दुसरा फोटो आहे तो जाड भिंतींच्या, ओतीव प्लास्टिकच्या महागड्या पेटीचा. अमेरिकेत ‘येटी’ कंपनीने २००६ पासून या जातीच्या पेट्या लोकप्रिय केल्या. पेटी उत्तम, शंकाच नाही. पाच-सहा दिवस आडरानात राहणाऱ्याने जरूर घ्यावी. पण साधारण चाळीस लिटरची अशी पेटी रिकामीच दहा किलोच्या घरात जाते. वर दहा किलो बर्फ आणि तेवढंच सामान. गाडीपासून तंबूपर्यंत ती कोण उचलणार, ते आधी ठरवा. तुमच्या दोन रात्रींसाठी ती नको.

तिसरी पिशवीवजा पेटी एका दिवसाच्या सहलीला ठीक. ती तुझ्या घरी असू दे. तिचं काम पुढे सांगते.

माझं ऐकशील तर एकदा मासळीबाजाराकडे चक्कर मार. मासळीवाले ज्या जाड इन्सुलेटेड पेट्या वापरतात, त्या जिथे विकायला असतात तिथे लहान मापही मिळतं. त्यांना रंगरूप नसतं, पण पोटासाठी बर्फ सांभाळणाऱ्या माणसांसाठी त्या बनलेल्या असतात. तीन-चार सेंटीमीटर फोम, भरलेलं झाकण, रबरी पट्टी, चाळीस लिटर: एवढं जिथे मिळेल ती पेटी घे. रंग फिका असू दे, गडद पेटी उन्हात फार तापते.

आता बर्फ. मोठा तुकडा सावकाश वितळतो, चुरा झटपट, कारण चुऱ्याचा पृष्ठभाग फार. बर्फाच्या मापाने गारवा मिळतो आणि पृष्ठभागाच्या मापाने तो लवकर किंवा उशिरा मिळतो. म्हणून दोन्ही हवेत: तळाशी आणि कडेने मोठे तुकडे, फटींत थोडा चुरा. मोठ्या ढिगाची गंमत बघ: १८३३ साली बॉस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरने ‘टस्कनी’ जहाजातून गोठलेल्या तळ्यांचा १८० टन बर्फ कलकत्त्याला धाडला. चार महिन्यांचा प्रवास, विषुववृत्त दोनदा ओलांडायचं, तरी सुमारे १०० टन शिल्लक राहिला. पुढे मुंबईतही असा बर्फ साठवायला बर्फघर होतं. यंत्र नव्हतं, फोम नव्हता. एका जागी रचलेला प्रचंड ढीग आणि लाकडाचा भुसा एवढ्यावर भागलं. ट्यूडरला जे जहाजात जमलं, त्यातलं ढिगाचं सूत्र तुला पेटीतही वापरता येईल.

घरी लिटर-लिटरच्या बाटल्यांत पाणी गोठव. बाटली काठोकाठ भरू नकोस, गोठताना पाणी नऊ टक्के फुगतं. पूर्ण गोठायला एक दिवस धर आणि सगळ्या बाटल्या एकदम फ्रीझरमध्ये कोंबू नकोस. या बाटल्यांचा दुहेरी फायदा आहे: पेटीत चिखल होत नाही, आणि वितळल्या की प्यायला गार पाणी. कोंबडी मसाला लावून घट्ट डब्यात गोठवूनच ने. ती स्वतःच बर्फाचं काम करते आणि चुलीवर जाईपर्यंत टिकते.

कमी पडेल तो बर्फ कारखान्यातून लादी फोडून घे, पण तो पेल्यात घालायचा नाही. खाण्याचा नसलेला बर्फ ओळखू यावा म्हणून त्यात निळसर रंग घालायचा, असा नियम आपल्या राज्यात २०१८ साली आला. तरी पांढरा दिसला म्हणजे पिण्याच्या पाण्याचाच असेल, असं गृहीत धरू नकोस. लादीचा बर्फ जाड पिशवीत बांधून ठेव. आणि कोणी सांगितलं तरी त्यावर मीठ टाकू नकोस. पॉटमध्ये आईस्क्रीम फिरवताना मीठ हवं, कारण तिथे शून्याच्या खाली जायचं असतं आणि बर्फ भराभर वितळला तरी चालतं. तुला नेमकं उलटं हवंय.

निघायच्या आदल्या रात्री पेटी घरात आण आणि दोन गोठलेल्या बाटल्या आत टाकून झाकून ठेव. माळ्यावरच्या तापलेल्या पेटीत सकाळी बर्फ भरलास तर पहिला हप्ता भिंतीच घेतात. सकाळी त्या बाटल्या काढ आणि भर: तळाशी मोठा बर्फ, त्यावर कोंबडीचा डबा, मग दूध, पनीर, दही, आणि सगळ्यात वर पुन्हा बर्फ, कारण गार हवा खाली उतरते. कच्चं मांस नेहमी खाली, म्हणजे गळलं तरी इतर अन्नावर येणार नाही. उरलेल्या पोकळीत जुना टॉवेल कोंब. भाकऱ्या, ठेचा, कांदे, बटाटे, लोणचं यांना पेटीत जागा देऊ नकोस. त्यांना गारव्याची गरज नाही. आणि सरबत, कोल्ड्रिंक, पाणी हे त्या पिशवीवजा पेटीत वेगळं ठेव. दिवसभर उघडझाक तिचीच होईल, जेवणाची पेटी शांत राहील.

कशाखाली काय आहे त्याची चिठ्ठी झाकणावर चिकटव. रात्री काजव्यांच्या झाडांजवळ टॉर्च मारून पेटी उचकायची नसते. उजेडाने काजवे बिचकतात आणि बघायला आलेल्यांचाही रसभंग होतो. रात्रीचं जे लागेल ते उजेड असतानाच वर काढून ठेवा.

तिथे पोचल्यावर पेटी सावलीत ठेव आणि दर दोन तासांनी सावली कुठे सरकली ते बघ. तापलेल्या जमिनीवर थेट नको. खाली सतरंजी किंवा दोन फळ्या. वरून ओलं गोणपाट टाकलंस तर माठ ज्या युक्तीने गार राहतो, त्याच युक्तीने पेटीची बाहेरची बाजू गार राहील. वितळलेलं पाणी लगेच ओतू नकोस. बर्फाच्या संगतीत आहे तोवर ते शून्य अंशाजवळच असतं आणि मोकळ्या हवेपेक्षा बाटल्यांना चांगलं चिकटून गार ठेवतं. फक्त डबे पाण्यात बुडत असतील तर थोडं सोड. आत एक साधा थर्मामीटर ठेव. पाच अंशांच्या आत असेल तोवर दूध-मांस सुरक्षित. त्यावर दोन तासांहून जास्त गेलं, किंवा कडक उन्हात तासभर बाहेर राहिलं, तर वास बरा असला तरी टाकून द्यायचं. यात काटकसर नको. भंडारदऱ्याहून रात्री दवाखाना गाठणं सोपं नाही.

एक गोष्ट विशेष. तुमच्यातल्या एकीला इन्सुलिन लागतं, असं तू मागे म्हणाली होतीस. सगळ्यांना वाटतं, जितकं गार तितकं बरं. लसीच्या कामात याच समजुतीने नुकसान होतं. हिपॅटायटिस-बी, पेंटाव्हॅलंट या लसी गोठल्या की निकामी होतात. म्हणून फ्रीझरमधून काढलेला आईसपॅक आम्ही लगेच कॅरियरमध्ये घालत नसू. त्याला घाम सुटू द्यायचा, हलवल्यावर आत पाणी खळखळलं की पुसून चारही बाजूंना लावायचा, आणि लस मधोमध. इन्सुलिनचंही तसंच: २ ते ८ अंश, आणि गोठायला अजिबात नको. तिची न उघडलेली पेनं कापडात गुंडाळून छोट्या डब्यात, बर्फाला न टेकता पेटीच्या मध्यावर ठेवा. चुकून गोठलं तर पुन्हा वितळवून वापरायचं नाही. वापरात असलेल्या पेनाचं काय करायचं, ते तिने आधी डॉक्टरांना विचारून घ्यावं.

आता तुझा हिशेब. दोन दिवसांत भिंतींचे नऊ किलो, आधी गार केलेल्या सामानाचा पाऊण किलो, झाकणाचा आणि हलगर्जीपणाचा मिळून एक. म्हणजे अकरा किलोच्या आसपास. चाळीस लिटरच्या पेटीत तो बसतो आणि अर्धी पेटी सामानाला उरते. जाड भिंतींच्या पेटीत हाच आकडा आठवर येईल. वाचले तीन किलो. तीन किलोसाठी किती पैसे मोजायचे, ते तुम्ही चौघींनी बसून ठरवा.

परत आल्यावर पेटी साबणाने धू, उन्हात वाळव आणि झाकणात कापडाची घडी अडकवून किंचित उघडी ठेव, नाहीतर पावसाळ्यात आत बुरशी धरेल. पेटी घेतलीस की झाकणाची कागदाची परीक्षा कशी झाली ते कळव, आणि फ्रीझरमध्ये किती बाटल्या मावल्या तेही. कमी पडत असतील तर आदल्या दिवशी माझ्याकडून घेऊन जा. आमचा फ्रीझर रिकामाच असतो.

तुझी,
मावशी