लेकाचं मत वडिलांच्या हातून

प्रश्न : मुलगा लडाखमध्ये तैनात आहे. मी निवृत्त सुभेदार, साताऱ्यात राहतो. त्याचं मत मला देता येईल का? माझी घरपट्टीही माफ होते म्हणतात.

उत्तर : जरूर देता येईल. मुलगा सेवा मतदार म्हणून नोंदलेला हवा; नसेल तर त्याने युनिटमार्फत नमुना 2 भरावा. मग तुम्हाला मतदानासाठी प्रतिनिधी नेमण्याचा नमुना 13फ. त्यावर त्याने कमांडिंग ऑफिसरसमोर सही करायची, तुम्ही नोटरी किंवा प्रथम वर्ग दंडाधिकाऱ्यांसमोर, आणि अर्ज निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे द्यायचा. निवडणूक लागायची वाट पाहू नका. केंद्रावर त्याच्या मतासाठी शाई तुमच्या डाव्या हाताच्या मधल्या बोटाला लागेल. तुमचं स्वतःचं मत वेगळं. टपाली मतपत्रिकेपेक्षा मला हाच मार्ग भरवशाचा वाटतो, कारण ती मोजणीच्या दिवशी सकाळी 8 पूर्वी पोहोचली नाही तर मत वाया जातं, आणि बर्फातल्या चौकीवरून टपाल वेळेत निघेलच असं नाही. सून गावीच राहत असेल, तर तिचं नाव सर्वसाधारण यादीत हवं.

घरपट्टीचं खरं आहे. 2020 पासून महाराष्ट्रात माजी सैनिकांना एका घरापुरती माफी आहे. पण आपोआप मिळत नाही. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा दाखला आणून ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत अर्ज द्या. हा तुमचा हक्क आहे, संकोच करू नका.