सीए परीक्षेतील अपयश आणि अभ्यासाची उमेद

प्रश्न : सीए इंटरमिजिएटच्या पहिल्या ग्रुपमध्ये दुसऱ्यांदा अपयश आले. एका पेपरात ६४ गुण मिळूनही सारे वाया गेले. आता अभ्यासाला बसवत नाही. काय करावे?
— एक विद्यार्थिनी, दहिसर

उत्तर : आपले ६४ गुण वाया गेलेले नाहीत. ग्रुपचे सर्व पेपर दिले असल्यास ६० वा अधिक गुणांच्या पेपराला पुढील तीन परीक्षांसाठी ‘एक्झम्प्शन’, म्हणजे तो पुन्हा न देण्याची सवलत, मिळते आणि ते गुण ग्रुपच्या ५० टक्क्यांच्या बेरजेतही धरले जातात; मात्र उरलेल्या प्रत्येक पेपरात ४० टक्के आवश्यकच असतात. उमेद आली की अभ्यास होईल, ही समजूतही बहुधा उलटी ठरते, म्हणून रोज एक उदाहरण घड्याळ लावून लिहून सोडवावे आणि परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या नमुना उत्तरांशी ताडून पाहावे. उदासी वा निद्रानाश दोन आठवडे टिकल्यास ‘टेली-मानस’ या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर अवश्य बोलावे.