तास बंद, हप्ता चालू

ऑनलाइन शिकवणीसाठी ओटीपी देण्याआधी एवढंच विचारा: कंपनीला आज पैसे कोण देणार आहे?

लालबागला ताईच्या घरी विक्रेता आला तेव्हा मी तिथेच होतो. टॅबवर भाच्याची ‘मोफत चाचणी’ झाली. अपूर्णांकांची दोन गणितं चुकली. “मॅडम, पाया कच्चा आहे. आत्ता लक्ष दिलं नाही तर दहावीला जड जाईल.” सहावीतलं पोर समोर बसून ऐकत होतं. त्या वाक्याचा मला आजही राग येतो. मुलाच्या देखत कुठली आई नाही म्हणेल? मग शून्य टक्के व्याज, दोन वर्षांचे हप्ते, आधार, पॅन. दाजी कामावरून येईपर्यंत सगळं उरकलं होतं.

पुढे शिक्षक बदलत गेले आणि एक दिवस तास बंद पडले. खात्यातून पैसे मात्र कापले जात राहिले. कारण ताई ज्याला फी समजत होती ते एका वित्तकंपनीचं कर्ज होतं. दोन वर्षांची रक्कम शिकवणीवाल्यांना आधीच मिळाली होती.

नाव मोठं आहे म्हणून निर्धास्त राहू नका. ताईने शिकवणी घेतलेली कंपनी वेगळी, पण बायजूज या ऑनलाइन शिकवणीच्या कंपनीचं उदाहरण सगळ्यांसमोर आहे. मुंबईत २०१८ साली सुरू झालेली व्हाइटहॅट ज्युनियर ही कंपनी बायजूजने ऑगस्ट २०२० मध्ये ३० कोटी डॉलरला घेतली. २०२२ मध्ये बायजूजचं स्वतःचं मूल्यांकन २,२०० कोटी डॉलर होतं, भारतीय क्रिकेट संघाच्या जर्सीवर नाव होतं. जुलै २०२४ मध्ये त्याच संघाच्या क्रिकेट मंडळाच्या १५८ कोटी रुपयांच्या थकबाकीवरून तिच्यावर दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. अशी प्रक्रिया सुरू झाली की कंपनीवरचे दावे जागच्या जागी थांबतात. पालकांच्या कर्जाचे हप्ते थांबत नाहीत.

शिक्षण मंत्रालयाने डिसेंबर २०२१ मध्येच पालकांना सांगितलं होतं, की खात्यातून आपोआप पैसे कापायची परवानगी देणं टाळा. मूल कच्चं आहे का, ते शाळेतल्या बाईंना विचारा. फी महिन्याच्या महिन्याला भरा. कर्जच असेल तर वित्तकंपनीचं नाव आणि कर्ज रद्द करायची मुदत आधी लेखी घ्या. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार डिजिटल कर्जात अशी मुदत द्यावीच लागते.

तास बंद पडले तर रागाने हप्ता थांबवू नका, सिबिल स्कोअर बिघडतो. शिकवणीवाले आणि वित्तकंपनी, दोघांनाही त्याच दिवशी ईमेल करा. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तरीही दाद लागली नाही, तर आपण राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही. तक्रारीत वित्तकंपनीलाही सामनेवाला करा. हे राहून गेलं तर हप्त्यांचा प्रश्न तसाच उरतो. आयोगात तक्रार करायची मुदत दोन वर्षांची आहे. “पुढच्या महिन्यात तास सुरू होतील” असे मेसेज येत राहतात, तेव्हा हीच मुदत संपत असते.