अमोनिया : वास विरला, पण गेला कुठे?

कोंबड्यांच्या शेडमध्ये काम करणारा एक पेशंट परवा दवाखान्यात आला. डोळे लाल, घशात खवखव, कोरडा खोकला. औषध घेताना त्याने विचारले, "डॉक्टरसाहेब, शेडपासून फर्लांगभर लांब गेलं की वास येत नाही. म्हणजे पुढं धोका नाही ना?"

वाचकहो, प्रश्न साधा आहे, उत्तर थोडे समजून घ्यावे लागेल.

जनावरांचे मलमूत्र, कोंबडीखत आणि शेतात उघडा फेकलेला युरिया यांतून अमोनिया वायू सुटतो. तो पाण्यात चटकन विरघळतो. त्यामुळे डोळे, नाक, घसा यांच्या ओलाव्यातच तो अडकतो व तेथेच जळजळ करतो. बराचसा वायू जवळपासच्या जमिनीवर, झाडापानांवर उतरतो.

उरलेला मात्र वेश पालटतो. वाहने व कोळसा यांच्या धुरातून हवेत नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्ल तयार होते. त्यांच्याशी संयोग होऊन अमोनियाचे अतिसूक्ष्म क्षार-कण बनतात. ते २.५ मायक्रॉनहून लहान असतात. आपला केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाड असतो. हे कण झोंबत नाहीत, पण थेट फुफ्फुसातील वायुकोशांपर्यंत पोहोचतात आणि दमेकरी व हृदयरोग्यांचा त्रास वाढवतात. हवेत ते काही दिवस टिकतात आणि वाऱ्याबरोबर शेकडो किलोमीटर जातात.

मग कोणाचा अमोनिया कोणाच्या छातीत गेला, हे कसे ओळखायचे? १९७९ च्या जिनिव्हा करारानंतर युरोपात याचे गणित मांडले जाऊ लागले. नकाशावर चौकटी आखतात. प्रत्येक चौकटीत जनावरे किती, खत किती, वारा कुठला, पाऊस किती, हे संगणकाला देतात. मग एकाच देशाचा अमोनिया १५ टक्के कमी धरून तेच गणित पुन्हा करतात. शेजारच्या देशातील कणांत जो फरक दिसेल, त्यावरून पहिल्याचा वाटा कळतो. १९९९ च्या गोथेनबर्ग करारात युरोपीय देशांसाठी अमोनियाच्या मर्यादा ठरल्या, त्याला अशा गणितांचा आधार होता.

मार्च २०१४ मध्ये पॅरिसवर अशा कणांचे धुरके दाटले. एक दिवस सम-विषम नंबरांप्रमाणे निम्म्या गाड्या बंद ठेवल्या. पण त्या कणांतला अमोनिया प्रामुख्याने शेतीतून आलेला होता. एकट्या शहराने उपाय करून भागत नाही, ते यामुळेच. आपल्याकडे गंगेच्या मैदानावर अमोनियाचे प्रमाण फार मोठे असल्याचे उपग्रहांनी टिपले आहे.

आपल्या हातात काय आहे?

१) युरिया मातीआड करावा किंवा टाकल्यावर लगेच पाणी द्यावे. उडून गेलेला युरिया म्हणजे उडून गेलेले पैसेच.
२) शेडमधील तूस कोरडे ठेवावे, हवा खेळती ठेवावी.
३) साध्या रुमालाने ना हा वायू अडतो, ना हे कण. धुरके असेल त्या दिवशी दमेकऱ्यांनी पहाटेचे फिरणे टाळावे, पंप जवळ ठेवावा.
४) डोळ्यांत जळजळ झाल्यास भरपूर स्वच्छ पाण्याने धुवावे. धाप लागल्यास डॉक्टरांना त्वरित दाखवावे.

त्या पेशंटला मी एवढेच सांगितले, "वास संपला म्हणजे तुझा घसा सुटला. पण शेडमधला अमोनिया आवरलास, तर तुझ्याबरोबर लांबच्या गावचा दमेकरीही सुखाने झोपेल."