इफिस येथें जाळलेलीं पुस्तकें

वाचनभाग : प्रेषितांचीं कृत्यें १९:११–२०, इफिसकरांस पत्र ४:१७–३२.

प्रेषित पौल इफिस शहरीं दोन वर्षांहून अधिक काळ राहिला. आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम किनाऱ्याजवळ हें शहर वसलेलें होतें. अर्तमी देवीचें प्रचंड देऊळ तेथें होतें, आणि मंत्रतंत्राविषयींहि त्या शहराची ख्याति दूरवर पसरली होती. त्या शहरीं लोकांनीं आपलीं मंत्रांचीं पुस्तकें आणून सर्वांसमक्ष जाळून टाकलीं. त्यांच्या किंमतीचा हिशेब केला, तो पन्नास हजार रुप्याचीं नाणीं इतका भरला. असें एक नाणें म्हणजे साधारणपणें मजुराची एका दिवसाची मजुरी, असें धरितात. म्हणजे एका मजुरानें दीडशें वर्षें राबून जें मिळविलें असतें, तेवढें धन त्या आगींत गेलें.

१. जुनें घरांत दडून राहतें

या हकीकतींतील एक गोष्ट पुष्कळ वाचकांच्या नजरेंतून निसटते. पुस्तकें जाळल्याचें सांगण्यापूर्वीं लूक असें लिहितो कीं, ज्यांनीं विश्वास धरिला होता त्यांतील पुष्कळ जण येऊन आपलीं कृत्यें कबूल करूं लागले. म्हणजे हे लोक परके नव्हते. ते मंडळींतलेच होते. विश्वास धरिला होता, वचन ऐकत होते, परंतु घरच्या पेटींत जुनें तसेंच होतें.

प्रिय बंधुभगिनींनो, यांत आम्हांस आपलेंच घर दिसत नाहीं काय? आईबापांनीं बाप्तिस्मा घेतला, भिंतीवर वचन लाविलें, परंतु मध्यरात्रीं लेंकरूं तापानें फणफणूं लागलें कीं पेटीच्या तळाचा ताईत बाहेर निघतो, आणि उपदेशकांस न कळतां भगताकडे माणूस जातो. अशा आईस आम्ही कठोर शब्द बोलूं इच्छीत नाहीं. तिला जुन्याची आवड नसते. तिला भय वाटत असतें. परंतु भयाच्या घटकेसाठीं जें राखून ठेवितों, त्यावरच आपला खरा भरंवसा असतो. लेंकराला दवाखान्यांत न्यावें, शेजारच्या विश्वासणाऱ्यांस हांक मारून प्रार्थना करावी, आणि त्या रात्रीं तिला एकटें सोडूं नये. मंडळी जर त्या रात्रीं निजून राहिली, तर सकाळीं त्या आईस दोष देण्याचा अधिकार तिला नाहीं.

२. जुन्याच्या जागीं नवें

पौलानें इफिसकरांस जुना मनुष्य टाकून द्या व नवा मनुष्य धारण करा असें लिहिलें. मूळ ग्रीक भाषेंत हे शब्द वस्त्र उतरविणें व वस्त्र घालणें यांसाठीं वापरितात. मळकें अंगरखें उतरवून कोणी उघडा बाजारास जात नाहीं. म्हणूनच पौल नुसतें “हें करूं नका” असें सांगून थांबत नाहीं. जुन्याच्या जागीं काय घालावें हेंहि सांगतो.

चोरी करणाऱ्याचेंच पाहा. त्यानें चोरी सोडावी, एवढ्यावर पौल संतुष्ट नाहीं. त्यानें आपल्या हातांनीं चांगलें काम करावें, आणि तेंहि अशासाठीं कीं, गरजूला देण्यास त्याच्याजवळ कांहीं असावें. घेणारा हात प्रथम रिकामा झाला, मग कष्टी झाला, आणि शेवटीं देणारा झाला. जो दुसऱ्याच्या खळ्यावरून धान्य उचलीत असे, तो आपल्या मजुरींतून विधवेच्या घरीं पायलीभर ज्वारी पोंचवितो, तेव्हां त्याची चोरी खरोखर सुटली असें समजावें.

जिभेचेंहि तसेंच आहे. वाईट भाषणासाठीं पौल जो शब्द वापरितो, तोच मत्तयाच्या शुभवर्तमानांत किडक्या झाडासाठीं व टाकाऊ मासळीसाठीं आला आहे. पारावर किंवा विहिरीवर दुसऱ्याच्या घरचें उणें बोलणाऱ्यानें नुसतें गप्प बसणें पुरेसें नाहीं. ऐकणाऱ्याला ज्याची गरज आहे असा एक तरी शब्द त्यानें बोलावा.

आतां रागाविषयीं. दोघे सख्खे भाऊ शेताच्या बांधावरून भांडतात. बांध हातभर, परंतु त्यापायीं वर्षें जातात. रविवारीं दोघेहि एकाच मंदिरांत, पण दोन टोकांस बसतात. एकाच मेजावरील प्रभुभोजन घेतात, आणि बाहेर येऊन एकमेकांची सावलीहि टाळितात. “आम्हीं भांडण सोडलें, आतां बोलतच नाहीं,” असें ते म्हणतात. परंतु अबोला म्हणजे क्षमा नव्हे. पौल सूर्य मावळण्यापूर्वींची मुदत घालून देतो, आणि देवानें ख्रिस्तामध्यें आपल्याला क्षमा केली त्या मापानें क्षमा करण्यास सांगतो. तेव्हां बांधाचा न्याय पंच करतील तो करोत. पण दिवस मावळण्याच्या आंत भावाच्या ओसरीवर जाऊन बसणें हें पंचांचें काम नव्हे, तें आपलें आहे.

३. मन नवें होत जावें

येथें कोणी म्हणेल, “आम्हीं पुष्कळदां सोडलें, आणि पुष्कळदां पुन्हा धरिलें.” अशानें निराश होऊं नये. वस्त्र उतरविणें व घालणें यांच्यामध्यें पौलानें तिसरी गोष्ट ठेविली आहे : मनाच्या वृत्तींत नवें होणें. मूळ भाषेंत हें क्रियापद चालू असलेलें काम दाखवितें. आपण नवे होत जावें, रोज व्हावें. आणि हें काम मनुष्याच्या नुसत्या निश्चयाचें नाहीं. तें आपल्यांत देव करितो.

नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा १८९५ सालीं झाला, तर लक्ष्मीबाईंचा १९०० सालीं. पतीकडे परत आल्यावरहि त्या आपलें सोंवळें व स्वयंपाकपाणी निराळें ठेवीत असत, हें त्यांनीं ‘स्मृतिचित्रें’ या पुस्तकांत मोकळेपणानें सांगितलें आहे. पुढें जातिभेद मनुष्यांनीं केलेला आहे असें त्यांच्याच मनास पटलें, आणि सोंवळें गळून पडलें. मन आधीं पालटलें. हात मागून आला. म्हणून नव्या विश्वासणाऱ्याविषयीं मंडळीनें धीर धरावा. परंतु स्वतःविषयीं कोणीं “उद्यां पाहूं” असें म्हणूं नये.

विचार करण्यासाठीं

(१) आपल्या घरच्या पेटींत, “असूं द्या, वेळेला उपयोगीं पडेल,” म्हणून राखलेलें काय आहे?

(२) जी संवय आपण सोडली, तिच्या जागीं आपण काय घातलें?

(३) आज दिवस मावळण्यापूर्वीं कोणाच्या ओसरीवर जाऊन बसावयाचें आहे?

तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर ज्याला ठाऊक आहे, त्यानें हा अंक येथेंच खालीं ठेवावा, आणि उजेड आहे तोंवर निघावें.