पाठीतलं पाणी आणि ‘हेवी’ औषध

प्रश्न : माझे सासरे 82 वर्षांचे. घरातच पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशनच्या वेळी भूलतज्ज्ञ म्हणाले, ‘‘पाठीतून हेवी देतोय, पण डोस कमी ठेवतो.’’ हे औषध जड म्हणजे नेमकं कशापेक्षा जड? म्हातारपणी पाठीतलं पाणी घट्ट होतं, म्हणून डोस कमी करतात का? की त्यांना पूर्ण भूलच दिलेली बरी होती?
– एक वाचक, मिरज

उत्तर : जड म्हणजे त्या पाठीतल्या पाण्यापेक्षाच जड. मेंदू आणि मज्जारज्जू ज्या पाण्यात बुडालेले असतात, ते डोक्यात आणि कण्यात मिळून साधारण 150 मिलिलिटर असतं. शरीराच्या तापमानाला त्याचं लिटरभर वजन 1000 ग्रॅमच्या अगदी किंचित वर भरतं. भुलीचं बुपिव्हाकेन हे औषध नुसतं असेल, तर त्याच तापमानाला ते या पाण्याहून लिटरमागे जेमतेम ग्रॅमभर हलकं असतं. त्यात ग्लुकोज घातलं की ते ‘हेवी’ होतं. आपल्याकडच्या हेवीच्या 4 मिलिलिटरच्या अँपूलमध्ये 320 मिलिग्रॅम ग्लुकोज असतं. म्हणजे तो पातळ पाकच म्हणायचा. पाक पाण्यात सोडला की तळाला जातो, तसंच हेवीही उताराकडे जातं.

उतार ठरतो रोग्याला ठेवलंय कसं त्यावर. सुई टोचल्यावर थोडा वेळ बसवून ठेवलं तर बधिरता बैठकीच्या भागात जास्त येते; मूळव्याधीच्या ऑपरेशनला हेच करतात. लगेच पाठीवर निजवलं तर गंमत वेगळी. निजलेल्या माणसाचा कणा सरळ नसतो. कमरेत उंचवटा येतो आणि वर, खांद्याच्या पात्यांमध्ये, खळगा. कमरेत दिलेलं औषध उंचवट्यावरून दोन्हीकडे ओघळतं. वर गेलेलं बरंचसं त्या खळग्यात साचतं, मानेपर्यंत सहसा जात नाही. लंडनचे सर्जन आर्थर बार्कर यांनी 1907 साली कण्याच्या वळणांची काचेची नळी करून त्यात हे प्रत्यक्ष पाहिलं. औषधात ग्लुकोज घालायची युक्तीही त्यांचीच. त्याआधी 1898 मध्ये जर्मनीतल्या कील इथे ऑगस्ट बीअर यांनी पाठीतून कोकेन देऊन पहिली ऑपरेशनं केली होती, पण औषध कुठवर चढेल यावर त्यांचा काही ताबा नव्हता.

आता तुमची शंका. पाणी घट्ट होतं का? घट्ट नाही, पण फरक पडतो खरा. मोजमापांत गरोदर बाईच्या पाठीतलं पाणी सगळ्यांत हलकं निघालं. पाळी चालू असलेल्या बायकांचं त्याहून थोडं जड आणि पुरुषांचं व पाळी गेलेल्या बायकांचं सगळ्यांत जड. पण ही सगळी तफावत लिटरमागे अर्ध्या ग्रॅमच्याही आतली. हेवी औषध त्या पाण्याहून लिटरमागे वीस-पंचवीस ग्रॅम जड, त्यापुढे ती कुठे दिसणार? तुमच्या सासऱ्यांचा डोस त्यापायी कमी केलेला नाही.

हाच अर्धा ग्रॅम नुसत्या, साध्या बुपिव्हाकेनला मात्र जड जातो. ते मुळातच काठावरचं. कपाटातून काढलेलं थंड औषध तर पाठीतल्या पाण्याहून जडच असतं. आत जाऊन ऊब लागली की हलकं होतं आणि वर सरकू लागतं. साध्या औषधाचा चढ नीट सांगता येत नाही अशी भूलतज्ज्ञांची तक्रार असते, त्यामागे हे एक कारण आहे. तरी खुब्याच्या रोग्याला मुद्दाम हलकं केलेलं औषध कधीकधी देतात. हेवीसाठी मोडलेल्या बाजूवर निजवणं म्हणजे जीव घेणंच. हलकं औषध असेल तर धडधाकट कुशीवर निजवून मोडलेली बाजू वर ठेवता येते आणि औषध तिकडेच चढतं.

मग वय झाल्यावर डोस कमी का? एक, कमरेतल्या पाण्याचं आकारमान. धडधाकट माणसांतही ते 40 ते 80 मिलिलिटरच्या दरम्यान बदलतं, आणि पाणी जितकं कमी तितकं तेच औषध जास्त वर चढतं. म्हाताऱ्या कण्यात झिजेनं जागा अरुंद झाली असेल तर पाणी आणखी कमी. शिवाय बाहेरून पाहून हे कळत नाही. एमआरआय काढल्याशिवाय कुणाकडे किती ते सांगता यायचं नाही. दोन, वयाबरोबर मज्जातंतूही औषधाला लवकर शरण जातात. आणि तिसरं, माझ्या मते सगळ्यांत मोठं, ब्लड प्रेशर. पाठीतून भूल दिली की रक्तवाहिन्यांना आवळून धरणाऱ्या नसाही झोपतात. तरुणाचं हृदय वेग वाढवून वेळ मारून नेतं. ताठरलेल्या रक्तवाहिन्यांच्या, पाणी कमी प्यायलेल्या, दोन दिवस खाटेवर पडलेल्या ब्याऐंशीच्या माणसाला ते जमत नाही. औषध दोन मणक्यांनी जास्त वर चढलं तरी प्रेशर धाडकन खाली येतं. म्हणून डोस कमी, आणि हाताशी प्रेशर वाढवणारं इंजेक्शन भरलेलं. स्पिरिटचा बोळा पोटावर फिरवत ‘‘गार लागतंय का?’’ असं वारंवार विचारतात, ते औषध कुठवर चढलं हे पाहण्यासाठीच.

पूर्ण भूल बरी होती का, यावर घरोघरी वाद होतात. अमेरिका आणि कॅनडातल्या खुबा मोडलेल्या 1600 रोग्यांचा अभ्यास 2021 साली छापून आला. ऑपरेशननंतर 60 दिवसांनी चालता येणं असो वा दगावणं, दोन्ही पद्धतींत म्हणावा असा फरक आढळला नाही. नंतर येणारा भ्रमही सारखाच. तेव्हा हा निर्णय भूलतज्ज्ञांवर सोडावा. नातेवाइकांनी मात्र दोन गोष्टी न विचारता आधी सांगाव्यात : रक्त पातळ करणारी कुठली गोळी चालू होती आणि शेवटची कधी घेतली, आणि हृदयाची झडप अरुंद असल्याचं कधी कुणी सांगितलं होतं का. या दोन्हींत पाठीतल्या भुलीचा बेत अनेकदा बदलावा लागतो.