ऐनावरचा कोसा

पतंग बघायचे म्हटलं की लोक थेट पावसाळ्यात, तेही रात्रीच्या मुक्कामाला निघतात. टसर पतंगाच्या बाबतीत माझा सल्ला उलटा आहे. फेब्रुवारी ते मेमध्ये, भर दिवसा, पानं गळलेल्या ऐनाखाली मान वर करून चाला. माहुलीच्या पायथ्याचं रान, तानसा, येऊर, फणसाड, ताम्हिणीचा कोकणाकडचा उतार यांपैकी कुठेही चालेल. काळपट, उभेआडवे तडे गेलेली साल दिसली की ऐन ओळखावा. अर्जुन, जांभूळ आणि बोर यांच्याकडेही नजर असू द्या, अळीला तीही झाडं चालतात.

उघड्या फांदीवर कोंबडीच्या लहानशा अंड्याएवढं, करडं-पिवळट असं काही देठाला लोंबताना दिसेल. तोच कोष. विदर्भात त्याला कोसा म्हणतात. देठ नीट बघा, कारण खरी करामत तिथे आहे. अळी आधी डहाळीभोवती रेशमाचं कडं विणते, कड्याला चिवट देठ काढते आणि मग त्याला टांगून स्वतःला आत बंद करून घेते. पान गळून गेलं तरी कोष पडत नाही तो यामुळेच. भिंत आतून स्रावाने भिजवलेली असते, वाळली की ती इतकी कठीण होते की नखाने दबत नाही. 1830 च्या दशकात कर्नल साइक्सने दख्खनमधल्या या किड्यावर लेख लिहिला. इथले मराठे कोष कापून त्याची लांब वादी काढतात आणि तोड्याच्या बंदुकीची नळी दस्त्याला बांधायला ती वापरतात, अशी नोंद त्यात आहे.

कोष रिकामा की भरलेला, हे हात न लावता कळतं. दुर्बिणीतून देठाकडचं टोक बघावं. तिथे मोकळं भोक असेल तर पतंग उडून गेला. भोक कडेला असेल तर बहुधा परजीवी माशीने किंवा गांधीलमाशीच्या गोतावळ्यातल्या कुणीतरी आतल्या जिवाचा निकाल लावलेला असतो. भोकच नसेल तर आत बहुतेक कोशित आहे आणि ते सहा-सात महिनेसुद्धा तसंच पडून राहू शकतं. असा कोष हलवून बघायचा नाही आणि घरी तर न्यायचाच नाही. अभयारण्यात तो तोडणं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याविरुद्ध आहेच, शिवाय फ्लॅटच्या कोरड्या हवेत पतंग भलत्याच वेळी बाहेर येतो आणि त्याला जोडीदार मिळत नाही.

पावसाची चाहूल लागली, हवा दमट झाली की संध्याकाळनंतर पतंग बाहेर पडतात. कोष कुरतडायला त्यांच्याकडे जबडा नसतो. तोंडातून झिरपणाऱ्या द्रवाने देठाकडचं टोक मऊ करून, धागे बाजूला सारत ते बाहेर येतात. तेव्हा पंख ओले आणि चुरगळलेले असतात. कोषाला लटकून ते पसरवावे लागतात. त्या वेळी पतंग खाली पडला तर पंख कायमचे वाकडे होतात, म्हणून फोटोसाठी फांदी ओढणं म्हणजे शुद्ध क्रौर्य.

पूर्ण पसरलेले पंख वीतभर. प्रत्येक पंखावर एक डोळा आणि त्याच्या मधोमध पारदर्शक खिडकी. नर सहसा विटकरी-तपकिरी, मादी मोठी आणि पिवळट. शंका आली तर मिशा बघा, नराच्या मिशा रुंद आणि पिसांसारख्या असतात. मादीने हवेत सोडलेला गंध तो त्यांनीच टिपतो आणि अंधारात तिच्यापर्यंत पोचतो. सकाळी लवकर निघालात तर फांदीवर जोडी अजून जुळलेली सापडू शकते. दोघांनाही खाता येत नाही. अळीपणी साठवलेल्या चरबीवर आठवडाभर, फार तर थोडं जास्त जगतात. मादी तेवढ्यात दीडशे-दोनशे अंडी घालते आणि साधारण आठ-दहा दिवसांत ती फुटतात.

जुलै-ऑगस्टमध्ये मात्र नजर वर नाही, वाटेवर ठेवा. ऐनाखाली कंगोरे असलेल्या जाडसर लेंड्या पडलेल्या दिसल्या तर बरोबर वर अळी आहे. चार वेळा कात टाकून ती दहा सेंटीमीटरच्या वर जाते. हिरवीगार असते, कुशीवर चांदीसारखे चकाकणारे ठिपके असतात, तरी पानांत सहज सापडत नाही. हिच्यापासून त्रास नाही, पण त्याच झाडावरच्या दाट केसाळ सुरवंटांनी अंगाची आग होऊ शकते, तेव्हा हात खिशात.

गडचिरोलीत आरमोरीच्या बाजूला गेलात तर हेच चक्र माणसांच्या राखणीत चाललेलं दिसेल. ढिवर समाजातले लोक पिढ्यानपिढ्या जंगलातल्या ऐनावर अळ्या सोडतात आणि पाखरं-मुंग्यांपासून त्यांची राखण करतात. तिथे आगंतुकासारखं झाडांत घुसू नये. आधी विचारावं, मग बघावं. माणसं मोकळेपणाने दाखवतात.

आता दिव्याचं. रात्री पांढरी चादर टांगून तिच्यावर दिवा सोडायची पद्धत चांगली आहे, पण तास-दोन तासच. अभयारण्याच्या हद्दीत वनखात्याच्या परवानगीशिवाय नको. त्यापेक्षा गावातल्या देवळाच्या ट्यूबलाइटखाली उजाडायच्या आत जाऊन बघणं सोपं. उशीर झाला तर कोतवाल आणि दयाळ आधी पोचलेले असतात आणि तुमच्या वाट्याला नुसते पंख उरतात. दिव्याशी अडकलेली मादी कधी भिंतीवरच अंडी घालते, त्यातून निघालेल्या अळ्या उपाशी मरतात. म्हणून मुक्कामाच्या घरी जेवणं आटोपली की अंगणातला दिवा बंद करायची विनंती यजमानांना जरूर करा. त्यांचंही वीजबिल वाचतं.